सोनें, कोळसा आणि शेतकरी

सोन्यारुप्याचा विषय शेतकीच्या मासिकांत कशाला, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. कपाशीच्या बोंडअळीनें आणि मक्याच्या भावानें ज्याची झोंप उडाली आहे, त्यास सोनें गाळण्याच्या युक्त्या सांगून काय उपयोग? परंतु हा विषय आतां सराफकट्ट्यापुरता राहिलेला नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत आपल्या शेतांत सूर्यप्रकाशावर चालणारे पंप आले आहेत, आणि त्यांच्या प्लेटांत चांदी आहे. घरोघर मोबाईल आहेत, आणि त्यांच्या सर्किट बोर्डांत सोनें आहे. हे सारे जिन्नस एक दिवस भंगार होणार. त्या दिवशीं त्यांतील सोनें-चांदी कोणाच्या पदरांत पडावें आणि त्यांतील विष कोणाच्या विहिरींत उतरावें, हा प्रश्न शेतकऱ्याचाच आहे. सबब त्यासंबंधीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विखुरलेलें मोलाचें द्रव्य वेंचून काढण्याची कला आपल्या मुलखास नवीन नाहीं. पैठणच्या पैठणीस पूर्वीं जी जर लागे, ती चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा दिलेली असे. जीर्ण झालेल्या पैठण्या विकत घेऊन लोक त्या जाळीत व राखेंतून धातु काढून घेत. कितीएक सुंदर जुनीं वस्त्रें या पायींच नाहींशीं झालीं. सोनारांच्या दुकानांतील केर, भट्टीची राख व मोरीचा गाळ धुवून त्यांतून सोन्याचे कण निवडणारे झारेकरी तर मोठमोठ्या पेठांतून असत. पाखडणें, धुणें आणि पाऱ्यांत मिळविणें, या त्यांच्या युक्त्या. पण या युक्त्या कणास लागू पडतात. सोनें एकदां पाण्यांत विरघळून अदृश्य झालें, म्हणजे सूप आणि परात दोन्ही निरुपयोगी ठरतात. मिठाचें पाणी कितीही पाखडलें तरी सुपांत मीठ राहत नाहीं.

विरघळलेलें द्रव्य पाण्यांतून परत धरण्याची युक्ति ज्या तत्त्वांवर उभी आहे, त्यांपैकीं एक तत्त्व प्रथम शेतजमिनींतच पारखलें गेलें, ही गोष्ट येथें मुद्दाम सांगण्याजोगी आहे. इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत एच. एस. टॉमसन नांवाचे एक जमीनदार होते. खतांतील अमोनिया वाया जाऊं नये, या काळजीनें त्यांनीं १८४५ च्या सुमारास मातीनें भरलेल्या नळींतून अमोनियम सल्फेटचें पाणी सोडून पाहिलें. खालून जें पाणी निघालें, त्यांत अमोनिया फारसा उरला नव्हता. त्याच्या ऐवजीं जिप्सम उतरला होता. म्हणजे मातीनें अमोनिया धरून ठेविला आणि आपल्याजवळचा चुना सोडून दिला. रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जे. टॉमस वे यांनीं या गोष्टीचा पुढें कसून शोध केला व १८५० सालीं तो त्या सोसायटीच्याच नियतकालिकांत प्रसिद्ध केला. शेतकऱ्यांच्या संस्थेनें छापलेल्या या निबंधापासून, विरघळलेलीं द्रव्यें अदलाबदलीनें धरण्याच्या शास्त्राचा आरंभ धरितात. पाणी शुद्ध करणाऱ्या आणि मोलाचे धातु धरणाऱ्या आजच्या राळा या याच वंशांतल्या होत.

आपल्या काळ्या जमिनीस हा गुण विशेष आहे. घातलेलें नत्र अमोनियाच्या रूपांत असतें तोंवर माती त्यास धरून ठेविते. त्याचें नायट्रेट झालें कीं तें मोठ्या पावसाबरोबर खालीं निघून जातें. युरियाचे हप्ते करून द्यावे, असें जें सांगण्यांत येतें, त्यांतील एक इंगित हेंच आहे. तेव्हां ज्यानें काळी जमीन कसली, त्यास हें शास्त्र अगदींच परकें नाहीं.

आतां कोळशाकडे वळूं. टिपकागद शाई पितो तेव्हां शाई त्याच्या अंगांत शिरते. त्यास शोषण म्हणावें. परंतु एखाद्या पदार्थाच्या नुसत्या पृष्ठभागावर दुसऱ्या द्रव्याचे कण येऊन चिकटतात, तेव्हां त्यास शास्त्रज्ञ अधिशोषण म्हणतात. येथें सारा कारभार पृष्ठभागाचा. जितका पृष्ठभाग अधिक, तितकी धारणाशक्ति अधिक. नारळाच्या करवंट्या हवा बंद ठेवून जाळल्या, आणि त्या कोळशास आठशें-नऊशें अंश सेल्सियस उष्णतेंत वाफेनें पोखरलें, म्हणजे त्यांत डोळ्यांस न दिसणारीं असंख्य छिद्रें पडतात. यास सक्रिय कोळसा म्हणतात. त्याच्या एका ग्रॅममधील छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर त्या सुमारें एक हजार चौरस मीटर भरतात. आमचें आयुष्य गुंठ्या-एकरांचे आंकडे मांडण्यांत गेलें. त्या संवयीनें हाही हिशेब मांडून पाहिला. एक गुंठा म्हणजे सुमारें १०१ चौरस मीटर. तेव्हां एका ग्रॅम कोळशांत दहा गुंठे, आणि चार ग्रॅम कोळशांत, म्हणजे तोळ्याच्या तिसऱ्या हिश्शांत, एक एकर जमीन सांठविलेली असते! इतकें क्षेत्र चिमटींत मावत असतां त्यानें विरघळलेलें सोनें धरून ठेवावें, यांत नवल नाहीं.

खाणींतून हें काम कसें चालतें तें थोडक्यांत सांगतों. १८८७ सालीं ग्लासगो येथें मॅकार्थर व फॉरेस्ट बंधु यांनीं सायनाइडच्या पातळ पाण्यांत हवेच्या साह्यानें सोनें विरघळविण्याची रीत काढली. विरघळलेलें सोनें परत मिळविण्यास प्रथम जस्त वापरीत. पण त्यासाठीं सारा गाळ गाळून पाणी अगदीं नितळ करावें लागे. कोळशानें ही अडचण दूर केली. दळलेल्या दगडाचा राबडा एकामागून एक अशा टाक्यांतून पुढें वाहतो, आणि कोळशाचे दाणे उलट दिशेनें मागें आणले जातात. म्हणजे ताज्या राबड्याची गांठ सोन्यानें भरत आलेल्या कोळशाशीं पडते, आणि जवळजवळ निःसत्त्व झालेल्या राबड्याची गांठ कोऱ्या कोळशाशीं. मग चाळणीनें कोळसा वेगळा करावयाचा, कढत कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानें त्यांतील सोनें सोडवावयाचें, विजेच्या प्रवाहानें तें पोलादाच्या तंतूंवर बसवावयाचें, आणि कोळसा भट्टींत तापवून पुन्हां कामास लावावयाचा. अमेरिकेंतील होमस्टेक खाणींत १९७३ सालीं ही रीत मोठ्या प्रमाणावर सुरू झाली व तेथून ती जगभर पसरली.

सोन्याच्या खाणीशीं आपल्या मुलखाचा संबंध अगदींच नाहीं असेंही नाहीं. निजामाच्या राज्यांत आपला औरंगाबाद जिल्हा, म्हणजे आतांचा छत्रपती संभाजीनगर, आणि रायचूर जिल्हा एकाच सरकारच्या अमलाखालीं होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं भाषावार प्रांतरचनेंत ते वेगळे झाले. त्या रायचूर जिल्ह्यांत हट्टी येथें सोन्याची खाण आहे, आणि तेथील जुनीं खोदकामें फार प्राचीन आहेत. त्याच जिल्ह्यांतील मस्की येथील अशोकाचा शिलालेख १९१५ सालीं सी. बीडन नांवाच्या एका खाण-इंजिनियरासच सांपडला. हट्टीची कंपनी १९४७ सालीं हैदराबाद गोल्ड माइन्स या नांवानें निघाली. २००१ सालीं कोलारच्या खाणी बंद पडल्यावर देशांत खाणींतून सोनें काढणारें मुख्य ठिकाण तेंच उरलें. परंतु देशांत जें सोनें निघतें तें फार थोडें. आपण दरवर्षीं शेंकडों टन सोनें परदेशांतून विकत आणतों.

म्हणून आतां विद्वानांची नजर दुसऱ्या खाणीकडे वळली आहे, आणि ती म्हणजे भंगार. टनामागें चार-पांच ग्रॅम सोनें असलेला दगड खाणवाले खुषीनें दळतात. मोबाईलच्या एका टन सर्किट बोर्डांत तें दोनशें ग्रॅमच्याही वर असूं शकतें. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं जगांत ६ कोटी २० लक्ष टन विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंचें भंगार निघालें, आणि त्यांपैकीं २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनः उपयोगांत आलें. बाकीचें कोठें गाडलें, कोठें जाळलें, कोठें अडगळींत पडलें.

या भंगारांतील सोनें वेगळें काढणें खाणींतल्यापेक्षां एका परीनें अवघड आहे. बोर्ड आम्लांत विरघळविला कीं त्या पाण्यांत सोनें चिमूटभर आणि तांबें त्याच्या शेंकडों पट असतें. तेव्हां नुसतें धरून भागत नाहीं, निवडून धरावें लागतें. यासाठीं ज्या राळा वा तंतु करितात त्यांत पुष्कळदां गंधकाचीं संयुगें जोडलेलीं असतात. गंधकाचें या धातूंशीं मोठें सख्य आहे. देवघरांतील चांदीचीं भांडीं काळीं पडतात तीं हवेंतील गंधकाच्या स्पर्शानेंच. सोनें, चांदी, पॅलेडियम, प्लॅटिनम यांस अशी राळ जवळ करिते आणि लोखंडास वगळते. औषधांच्या कारखान्यांत पॅलेडियम कोळशावर बसवून वापरतात. तोही वापर झाल्यावर परत मिळवावा लागतो, कारण तो टाकून देण्याजोगा स्वस्त नाहीं. वाळूज व चिकलठाण्याच्या वसाहतींशेजारीं राहणाऱ्या आमच्या वाचकांस या गोष्टीचें महत्त्व सहज कळेल.

शेतकऱ्यास कौतुक वाटावें अशी गोष्ट ही कीं, सोनें निवडून धरणारे कांहीं पदार्थ शेतांत व गोठ्यांत निपजतात. जपानांत आपल्या टेंभुर्णीच्या कुळांतील काकी नांवाचें तुरट फळ होतें. सागा विद्यापीठांतील संशोधकांनीं त्याच्या तुरट द्रव्यापासून केलेला चिकट पदार्थ सोनें उत्तम धरितो असें दाखविलें आहे. २०२४ सालीं स्वित्झर्लंडांतील झ्यूरिक येथील तंत्रविद्यालयांतील मेझेंगा या अध्यापकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं चीज करितांना उरणाऱ्या निवळीच्या पाण्यांतील प्रथिनांपासून एक स्पंज तयार केला, आणि वीस जुन्या संगणकांच्या बोर्डांपासून ४५० मिलिग्रॅमचा गोळा काढला. त्यांत ९१ टक्के सोनें होतें व बाकीचें तांबें. म्हणजे तो बावीस कसाचा झाला.

हें वाचून कोणा तरुणाचे डोळे दिपण्यापूर्वीं आम्ही पुन्हां हिशेब मांडतों. ४५० मिलिग्रॅम म्हणजे पावणेचार गुंजा. अर्ध्या माशाहूनही थोडें कमी. या मानानें एक तोळा जमावयास पांचशेंहून अधिक संगणक पाहिजेत. एवढे संगणक कोणत्या खेड्यांत मिळणार? सोनें भंगारांत आहे हें खरें. पण तें एका घरच्या भंगारांत नसून हजारों घरांच्या भंगारांत मिळून आहे. जपाननें हें ओळखलें. टोकियो येथील ऑलिंपिक सामन्यांच्या पदकांसाठीं तेथें एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या दोन वर्षांत गांवोगांवच्या लोकांकडून ७८,९८५ टन जुनीं लहान उपकरणें आणि ६२ लक्षांवर मोबाईल गोळा करण्यांत आले. त्यांतून ३२ किलो सोनें व ३,५०० किलो चांदी निघाली. एकेकट्या माणसाच्या हातीं जें कांहींच नव्हतें, तें सर्वांनीं मिळून केलें तेव्हां पांच हजार पदकांस पुरलें. सहकाराचें तत्त्व याहून निराळें तें काय?

आतां आपल्या घरचें पाहूं. २०१९ सालच्या कुसुम योजनेंतून आणि २०२४ सालीं निघालेल्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या योजनेंतून सौर पंप गांवोगांव पोंचले आहेत. बनावटीप्रमाणें एकेका प्लेटेंत पांच ते वीस ग्रॅमपर्यंत चांदी असते. पांच अश्वशक्तीच्या पंपास दहाच्या आसपास प्लेटा लागतात. दहा ग्रॅमचा मध्यम हिशेब धरिला, तर शंभर पंपांच्या गांवीं सुमारें दहा किलो चांदी उन्हांत उभी आहे! प्लेटांचें आयुष्य पंचवीस वर्षांचें मानितात. पण गारपीट, वादळ व माकडें तितकी वाट पाहत नाहींत. फुटलेली प्लेट आज कोणाच्याही खिजगणतींत नाहीं. भंगारवाला तिची अल्युमिनियमची चौकट आणि तार किलोच्या भावानें नेतो. कांच व आंतला थर बांधावर पडून राहतो. त्याच थरांत चांदी आहे, आणि डाग देण्यासाठीं वापरलेलें शिसेंही आहे. चांदी आपोआप कोणाच्या हातीं येत नाहीं. शिसें मात्र आपोआप मातींत जाऊं शकतें.

यावर कोणी म्हणेल, "मग हा धंदा खेड्यांतच कां करूं नये? झारेकरी नाहीं का उघड्या हातानें करीत?" आमचें उत्तर स्पष्ट आहे: करूं नये. झारेकरी राख धूत असे. आजच्या धंद्यांत तीव्र आम्ल वा सायनाइड लागतें. उत्तर प्रदेशांत मुरादाबाद येथें सर्किट बोर्ड उघड्यावर जाळून व आम्लांत बुडवून धातु काढण्याचा धंदा माजला, आणि रामगंगा नदीच्या काठीं विषारी राखेचे ढीग पडले. २०१७ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणास त्यांत हुकूम काढावा लागला. रीतसर कारखान्यांतही गाफीलपणा चालत नाहीं. रुमानियांत बाया मारे येथें खाणीच्या जुन्या गाळांतून सोनें काढण्याचा कारखाना होता. ३० जानेवारी २००० रोजीं त्याच्या तळ्याचा बांध फुटला आणि सायनाइडचें सुमारें एक लक्ष घनमीटर पाणी नद्यांत शिरून हंगेरीपर्यंत मासे मेले. कोळसा सोनें धरितो, पण उरलेल्या पाण्याची हमी कोळसा घेत नाहीं.

औद्योगिक वसाहतींलगतच्या गांवीं शेताचा कोपरा गुदामास भाड्यानें देण्याची चाल पडली आहे. भाडें वेळेवर येतें, म्हणून आंत काय चालतें हें कोणी विचारीत नाहीं. महसुली दप्तरांत तीस वर्षें बसलेल्या माणसाच्या दृष्टीनें आम्ही एवढेंच सांगतों: भाडेकरू आज आहे, उद्यां नाहीं, त्याचें नांव कोठेंही उरत नाहीं. सातबारा मात्र धारकाच्या नांवें राहतो. विष मुरलेली जमीन, तिच्यांतील विहीर आणि शेजाऱ्याची तक्रार, हीं सर्व त्या सातबाऱ्याबरोबर मुलाबाळांकडे जातात. दोन वर्षांच्या भाड्यासाठीं पिढ्यांची जमीन गहाण टाकण्यासारखेंच हें आहे. भेद इतकाच कीं, या गहाणांतून जमीन सोडवून घेतां येत नाहीं.

मग शेतकऱ्यानें करावें तरी काय? आमच्या मतें आपल्या सोसायट्यांनीं तीन गोष्टी हातीं घ्याव्या.

पहिली, नोंदवही. गांवांतील प्रत्येक सौर पंपाच्या प्लेटांची संख्या, बनावट, वर्ष आणि फुटतूट यांची नोंद सोसायटीनें ठेवावी. फुटलेल्या प्लेटा, बिघडलेले स्टार्टर, जुने मोबाईल व दूरदर्शनसंच हीं पक्क्या जमिनीच्या छपराखालीं एके ठिकाणीं जमा करावीं. २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणें, जे १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आहेत, अशा मालावर प्रक्रिया करणाऱ्यास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि सौर प्लेटाही त्या नियमांत येतात. तेव्हां नोंदणी झालेल्या कारखान्याशींच सौदा करावा, पावती घ्यावी, आणि आंकडे आपल्या वहीशीं ताडून पाहावे. एकटा शेतकरी एक प्लेट घेऊन गेला तर त्यास कोणी दारांत उभें करणार नाहीं. हजार प्लेटांची यादी घेऊन सोसायटी गेली, तर भाव बोलण्याची वेळ समोरच्यावर येईल.

दुसरी, जाळपोळीस बंदी. सर्किट बोर्ड, तारा व बॅटऱ्या गांवच्या हद्दींत जाळणें वा आम्लांत धुणें चालूं देणार नाहीं, असा ठराव ग्रामसभेनें करावा, आणि गुदाम भाड्यानें देतांना ही अट करारांत लिहावी.

तिसरी, कोळसा, पण डोळे उघडे ठेवून. सिल्लोड-कन्नडकडे मक्याचीं दाणे काढलेलीं कणसें, आणि साऱ्या जिल्ह्यांत पऱ्हाट्या, दरवर्षीं जाळल्या जातात. त्यांचा कोळसा होतो, सक्रिय कोळसाही होतो. परंतु तो करवंटीच्या कोळशाइतका कठीण नसतो. सोन्याच्या टाकींत राबड्याबरोबर घुसळतांना त्याचा भुगा होईल, आणि भुग्याबरोबर त्यानें धरलेलें सोनेंही वाहून जाईल. म्हणून सोन्याच्या नांवानें पऱ्हाटीच्या कोळशाचे भाग विकावयास कोणी आला, तर त्यास एकच विचारावें: माल घेणारा कोण, आणि त्याचा लेखी करार कोठें आहे? पाणी व रंग शुद्ध करण्यास, तसेंच शेतजमिनींत मिसळण्यास या कोळशाचा उपयोग होण्याजोगा आहे. त्याची कसोटी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाकडून व येथील विद्यापीठाच्या रसायनशाळेकडून करून घ्यावी. पैठणच्या मोसंबीच्या साली आणि दूधसंघाचें निवळीचें पाणी यांचीही परीक्षा त्याच वेळीं व्हावी. सोसायटीनें नमुने द्यावे, थोडी वर्गणी द्यावी, आणि जो निकाल येईल तो, अनुकूल असो वा प्रतिकूल, याच मासिकांत छापावा. १८५० सालीं विलायतेंतील शेतकऱ्यांच्या सोसायटीनें केलें तें एवढेंच होतें.

सोनें गाळण्याचें काम ज्याचें त्याला करूं द्यावें. त्याला भट्टी, धुरांडें आणि सांडपाण्याची सोय लागते, व ती खेड्यांत नाहीं. शेतकऱ्यानें आपल्या मालाची मोजदाद, आपल्या पाण्याची राखण आणि आपल्या टाकाऊ जिन्नसाची पारख एवढें सोडूं नये. येत्या उन्हाळ्यांत वळवाच्या गारा पडण्यापूर्वीं प्रत्येक सोसायटीच्या चिटणिसांनीं एक कोरी वही घ्यावी आणि पहिल्या पानावर आपल्या गांवच्या प्लेटांची संख्या लिहावी, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.